जुन्या कारमध्ये चेक इंजिन आणि एबीएसचे दिवे एकदम लागतात, स्कॅनर 'नो कम्युनिकेशन' दाखवतो. नागपुरातला मेकॅनिक ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) बदला म्हणतो. बदलू का?

नाही, इतक्यात बदलू नका; आधी बॅटरी, अर्थिंग आणि ओबीडी सॉकेट (जिथे स्कॅनर जोडतात ते) तपासून घ्या. वायरिंगचं काम करताना रोज दिसतं ते हेच, की बरेच दिवे एकाच वेळी लागले तर दोष बहुधा सगळ्यांना सामाईक असलेल्या जागी निघतो. आपल्याकडच्या मे महिन्यात बॅटऱ्या लवकर बसतात. उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या वर आणि स्टार्टर मारताना साधारण ९.६च्या वर मिळायला हवेत. मग सॉकेट:

- पिन १६ वर बॅटरीचा करंट. नसेल तर फ्यूज बघा, तो बऱ्याच गाड्यांत सिगारेट लायटरचाच असतो.
- पिन ४ आणि ५ वर अर्थ.
- बॅटरीची वायर काढून पिन ६ आणि १४ मध्ये सुमारे ६० ओहम. या दोन पिना कॅनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या. १२० आले तर लाइन कुठेतरी तुटली आहे किंवा एका टोकाचा रेझिस्टर गेलाय. शून्याजवळ आले तर शॉर्ट. शॉर्ट असेल तर एकेक मॉड्यूलचा (त्या लाइनवरच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढत जा, ज्याच्यानंतर आकडा सुधारेल तिथेच घोळ.

बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा रिमोट लॉक असेल तर पहिला संशय त्याच्या टेप गुंडाळलेल्या जोडांवर घ्या. फक्त एक, ६० ओहमची चाचणी कॅन असलेल्या गाडीलाच लागू आहे; त्याआधीच्या बऱ्याच गाड्या पिन ७ च्या के-लाइनवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या वायरवर, स्कॅनरशी बोलतात.