एवढं शिकून विमा कंपनीत?

स. न.

मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतेय आणि आता विषारी रसायनांच्या विमा दाव्यांत काम करायचं म्हणतेय. ‘पॉलिसी विकत फिरायला एवढं शिकवलं का?’ असं तुम्ही विचारलंय. विकण्याचा इथे संबंधच नाही. हे भांडणाचं काम आहे, आणि भांडण बरेचदा तारखेवरून असतं.

ॲस्बेस्टॉसच घ्या. त्याची धूळ छातीत गेल्यावर मेसोथेलिओमा हा कर्करोग दिसायला 20 ते 50 वर्षं लागू शकतात. तोवर कारखान्याच्या मालकाने किती विमा कंपन्या बदललेल्या असतात! मग भरपाई कुणाच्या माथी? ब्रिटनमध्ये हा वाद पार सर्वोच्च न्यायालयात गेला. काही पॉलिसींत शब्द होता ‘कॉन्ट्रॅक्टेड’, काहींत ‘सस्टेन्ड’. म्हणजे रोग जडला कधी आणि झाला कधी, एवढाच कीस. 2012 साली न्यायालयाने दोन्ही शब्दांना एकच वर्ष लावलं: धूळ अंगात गेली ते. अमेरिकेत 1981 च्या कीन खटल्यात मात्र धूळ गेल्यापासून रोग उघड होईपर्यंतच्या सगळ्या पॉलिसी लागू धरल्या गेल्या. तिथल्या काही राज्यांना हे पटलं नाही. ती भरपाईची वर्षांच्या हिशेबाने कंपन्यांत वाटणी करतात.

तुमच्या मुलीचं शास्त्र लागतं ते जमिनीत मुरलेल्या रसायनांत. अमेरिकेत 1973 पासून पॉलिसींत अट आली, की प्रदूषण ‘अचानक आणि अपघाताने’ झालं असेल तरच पैसे. आता रसायनाचं पिंप वीस वर्षं ठिबकत असेल तर ते अचानक कसं? द्रावक कोणतं, ते भूजलात कधी पोचलं, हे वकिलाला रसायनशास्त्रज्ञच सांगतो. 1986 मध्ये ही फटही बुजवून प्रदूषण जवळजवळ पूर्ण वगळलं गेलं. म्हणूनच जुन्या पॉलिसी सोन्याच्या झाल्या. त्या हुडकून काढणं हा तिकडे स्वतंत्र धंदा आहे, आणि त्या लोकांना गमतीने नव्हे तर खरोखरच ‘विम्याचे पुरातत्त्वज्ञ’ म्हणतात.

लगेच कायद्याची पदवी घ्यायला लावू नका. आधी विषशास्त्र किंवा औद्योगिक आरोग्य, नंतर वाटलं तर कायदा. मला धास्ती वेगळीच आहे. एकेक प्रकरण वर्षानुवर्षं चालतं, दिवस जातो कागद चाळण्यात, आणि कंपनीच्या बाजूने बसलं की समोरच्या फाइलीत एक आजारी माणूस असतो. तो तिला झेपेल का, हे तिलाच विचारा. आणि सुट्टीत तो 2012 चा निकाल मुळातून वाचायला द्या. तिसऱ्या पानावर जांभया आल्या, तर मला पुन्हा लिहा.