वाचकांचे प्रश्न : मोरो तलवारीवरची सोंड कोठून आली?

प्रश्न : आमच्या घरी दसऱ्याला जुन्या तलवारीची पूजा होते. अलीकडे फिलिपिन्समधील मोरो लोकांच्या नागमोडी ‘क्रिस’ तलवारीचे छायाचित्र पाहिले. तिच्या मुठीजवळ हत्तीच्या सोंडेसारखा आकार होता. ही तलवार भारतातून तिकडे गेली काय? आणि मोरोंचे सुलतान तरी कोठून आले?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : तलवार आपल्याकडून गेली असे म्हणता येत नाही, मात्र तिच्यावरच्या सोंडेशी आपले दूरचे नाते आहे. मोरो हे मिंडानाओ आणि सुलू बेटांवरील मुसलमान समाजांना स्पॅनिश लोकांनी दिलेले नाव. त्यांच्या क्रिसचे मूळ जावा बेटावरच्या ‘केरिस’ या खंजिरात आहे. पात्याच्या बुडाशी असलेल्या त्या वळणाला मलय भाषेत ‘बेलालाई गजाह’, म्हणजे हत्तीची सोंड, असे म्हणतात, आणि ‘गजाह’ हा आपला ‘गज’च आहे. जावातील सुकुह येथील १५व्या शतकातल्या मंदिरात एक शिल्पपट आहे, त्यात भीमासारखा दिसणारा लोहार शस्त्र घडवतो आहे, दुसऱ्या बाजूला भाता चालू आहे आणि मधोमध गजमुखी आकृती नाचते आहे. तरीही केवळ एवढ्यावरून प्रत्येक मोरो क्रिसवर गणपती शोधणे मला योग्य वाटत नाही.

भारतीय खूण शस्त्रापेक्षा शब्दांत अधिक ठळक आहे. १४१७ मध्ये सुलूचा एक राजा चीनच्या सम्राटाच्या भेटीला गेला आणि परतीच्या वाटेवर देझोऊ येथे वारला. त्याची समाधी आजही तेथे आहे. त्याच्या नावाच्या आरंभी ‘पादुका’ हा किताब होता. ज्या पादुकांपुढे आपण रोज माथा टेकतो, तोच हा शब्द. मलय जगात तो राजाच्या नावाआधी लावीत.

इस्लामही थेट अरबस्तानातून नव्हे, तर बहुतांशी याच मलय जगातून आला. सुलू समूहातील सिमुनुल बेटावरची मशीद १३८० मधील मानली जाते. त्या सुमारास आपल्या सोलापूर परिसरावर बहमनी सत्ता होती. सुलूच्या ‘तारसिला’नुसार, म्हणजे वंशावळीनुसार (अरबी ‘सिलसिला’वरून आलेला शब्द), सुमात्राहून आलेल्या राजा बगिंदाच्या मुलीशी विवाह करून शरीफ उल-हाशीम यांनी १५व्या शतकाच्या मध्यास सुलतानपद स्थापले. मिंडानाओ बेटावरच्या मगिंदानाओ सुलतानपदाची परंपरा मलय द्वीपकल्पातील जोहोरहून आलेल्या शरीफ काबुंगसुवान यांच्यापर्यंत जाते.

बाहेरून आलेले मोरोंनी जसेच्या तसे मात्र ठेवले नाही, आणि मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जावातील केरिस हे भोसकण्याचे लहान शस्त्र. मोरोंनी त्याचे पाते रुंद आणि लांब करून वार करण्याजोगी तलवार बनवली. वाराचा झटका सोसावा म्हणून पाते मुठीशी धातूच्या पट्टीने आवळून धरले. या पट्टीला ‘असांग-असांग’ म्हणतात. मुठीच्या टोकाला अनेकदा काकाकुवा पक्ष्याच्या डोक्याचा आकार असतो. ‘बारोंग’ आणि ‘कंपिलान’ या त्यांच्या इतर तलवारींची घडण पूर्णपणे वेगळी आहे.

आपल्या छायाचित्रात सोंडेजवळ पाते आडवे छेदणारी एक बारीक रेघ शोधून पाहावी. जावाप्रमाणे जुन्या मोरो क्रिसमध्येही तेथे ‘गांजा’ नावाचा लोखंडाचा निराळा तुकडा बसवलेला असे. पुढे पाते एकसंध घडवू लागले, तेव्हा त्या सांध्याचे काही काम उरले नाही. तरीही लोहार त्याच जागी पात्यावर रेघ कोरीत राहिले.