प्रश्न जसाच्या तसा वर ने

एरंडवणे, पुणे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा तव्यावर पोळी होती, म्हणून धड बोलता आलं नाही. अणुऊर्जा कंपनीत शासन आणि जनसंपर्क विभागाची प्रमुख, तेही पस्तिशीच्या आत! फार आनंद झाला. पण बोलता बोलता तू म्हणालीस, "तांत्रिक बाजू भक्कम आहे ताई, फक्त लोकांच्या मनातली भीती काढायची आहे." ते वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं. त्यासाठीच हे पत्र.

पानशेत फुटलं तेव्हा मी दोन वर्षांची होते. 12 जुलै 1961. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पाणी माडीच्या जिन्यापर्यंत चढलं. ओसरलं तेव्हा भिंतीवर चिखलाची रेघ राहिली, आणि वाडा पाडेपर्यंत ती कुणी पुसली नाही. पुढची चाळीस वर्षं आई पावसाळ्यात एक बातमी कान देऊन ऐकायची, खडकवासल्यातून किती क्युसेक विसर्ग सोडला ती. "धरण सुरक्षित आहे, घाबरू नका," असं कुणी म्हटलं की ती काही न बोलता उठून जायची. आकडा कळला, आणि पाणी सोडायच्या आधी कळला, की मात्र निवांत कामाला लागायची. आईला कधी कुणी अडाणी म्हटलं नाही. मग कोकणातली एखादी बाई अणुभट्टीबद्दल तसंच विचारते तेव्हा आपण तिच्यासाठी 'जनजागृती' का काढतो?

आता माझी चूक सांगते. तेव्हा मी ज्या कंपनीच्या वतीने गावांशी बोलायचे तिचं नाव नको, ती औष्णिक वीज प्रकल्पाची होती. किनाऱ्यावरच्या एका शाळेत बैठक होती. पंख्याखाली आम्ही, दाराशी गावातल्या बायका. त्यातली एक मासे विकणारी पुढे आली. म्हणाली, तुमचा पाइप जिथे उघडतो त्याच्या बाजूलाच आमची रापण लागते, ते मोठं जाळं वीस-पंचवीस माणसं मिळून ओढतात, ते गरम पाणी तिथवर येणार का? मी नियम सांगितला, की सोडलेलं पाणी समुद्रापेक्षा 7 अंशांहून जास्त गरम असता कामा नये. ती म्हणाली, "सात म्हणजे किती? हाताला कळेल एवढं, की नुसतं माशाला कळेल एवढं?"

मला उत्तर येत नव्हतं. विचारून सांगते म्हटलं. पुण्यात येऊन अहवालात लिहिलं, 'मच्छीमारांच्या शंकांचे समाधान करण्यात आले.' तेच वाक्य पत्रात जिल्हाधिकारी कार्यालयात गेलं, खाली माझी सही. अकरा महिन्यांनी रस्ता रोको झाला. जिल्हाधिकाऱ्यांनी बैठकीत ते पत्र माझ्यासमोर सरकवलं आणि विचारलं, "समाधान झालं होतं ना, मॅडम?" त्यानंतर मी तज्ज्ञाला सोबत घेऊन त्या बाईकडे गेले. तिने पाणी दिलं, बसायला पाट दिला, आणि म्हणाली, "आता सांगून काय उपयोग."

म्हणून सांगते, गावाचा प्रश्न जसाच्या तसा वर न्यायचा, गोड करून न्यायचा नाही, आणि उत्तर घेऊन त्याच माणसाकडे परत जायचं. उत्तर नसेल तर 'अजून नाही' हे सांगायलाही जायचं. तुझ्या खुर्चीवर दोन्हीकडून दाब येईल. व्यवस्थापनाला 'वातावरण अनुकूल' हे शब्द हवे असतील, मंत्रालयातल्या टिपणीतही तेच हवे असतील. ते शब्द तू लिहू नकोस. अधिकाऱ्याला आधी कळलेली वाईट बातमी चालते, फसवणूक चालत नाही. जिल्हाधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातात. तहसीलमधला अव्वल कारकून आणि गावचा तलाठी मात्र सगळं लक्षात ठेवतात, त्यांच्याशी मानाने वाग.

जैतापूरचा इतिहास तुला पाठ हवा. 1,650 मेगावॅटच्या सहा नियोजित अणुभट्ट्या, एकूण 9,900 मेगावॅट, माडबन-मिठगवाण्याच्या परिसरात. 2010 च्या जनसुनावणीच्या वेळी लोकांची एक तक्रार अगदी साधी होती, की पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल, म्हणजे ईआयए, मराठीत वेळेवर हातात पडला नाही. मार्च 2011 मध्ये जपानात फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली, आणि एप्रिलमध्ये साखरीनाट्याला पोलीस गोळीबारात एक तरुण गेला. पुढे भरपाई हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढली, पण तोवर बोलण्याची भाषाच पैशाची होऊन बसली होती. 2006 च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीआधी 30 दिवसांची नोटीस आणि स्थानिक भाषेतला सारांश एवढं पुरतं. तू तेवढ्यावर थांबू नकोस. ईआयए अहवाल पूर्ण मराठीत करून घे, आणि भाषांतर किनाऱ्यावरच्या एखाद्या शिक्षकाकडून वाचून घे. 'औष्णिक प्रदूषण' हा शब्द त्याला अडला तर तो सगळ्या गावाला अडणार आहे.

तारापूरलाही जा. 3 आणि 4 क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुनर्वसनाची गाऱ्हाणी लोकांनी उच्च न्यायालयापर्यंत नेली. दोन दिवस नुसतं ऐकून ये, वही उघडू नकोस.

जमिनीचं काम कोकणात असेल तर सातबारा समोर घेऊन बस. एका गटावर तीस-चाळीस सहहिस्सेदार, निम्मे मुंबईत, काहींची नावं वारसनोंदीअभावी चढलेलीच नाहीत. कातळाला कागदावर 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणतात. त्याच पोटखराब्यावर गुरं चरतात, पावसाळ्यानंतर गवत कापलं जातं, जांभा निघतो, कडेने काजू असतो. प्रकल्प अहवालात 'पडीक जमीन' हा शब्द दिसला की माझं डोकं अजूनही तापतं. मुळशी तुझ्या ऑफिसपासून तासाभरावर आहे. 1921 साली सेनापती बापट आणि मावळे 'जान किंवा जमीन' म्हणत उभे राहिले तेही टाटा कंपनीच्या विजेच्या धरणाविरुद्धच. शंभर वर्षं झाली, तरी मुळशीच्या माणसाला कंपनीचं नाव काढून बघ.

कायदा आता बदललाय. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने शांती कायदा मंजूर केला. 1962 चा अणुऊर्जा कायदा आणि 2010 चा अणुअपघाताच्या भरपाईचा दायित्व कायदा मागे पडले, खासगी कंपन्यांना दार उघडलं, अणुऊर्जा नियामक मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला. देशाची आजची क्षमता 9,000 मेगावॅटच्या आसपास आणि 2047 चं लक्ष्य एक लाख, म्हणजे घाई होणार. गावात पहिला प्रश्न येईल, "काही झालं तर पैसे कोण देणार, आणि किती?" जुन्या कायद्यात चालकाची मर्यादा 1,500 कोटी होती, नव्यात ती प्रकल्पाच्या आकारानुसार पायरीपायरीने ठरते. तुझ्या प्रकल्पाची पायरी कोणती, त्यापुढचं नुकसान कोणाच्या माथी, हे वकिलाकडून समजून घे आणि मगच गावात पाऊल टाक.

किरणोत्साराबद्दल बोलताना केळ्याचं उदाहरण देऊ नकोस. केळ्यातही किरणोत्सार असतो हे खरं आहे, पण केळं माणूस आपल्या मर्जीने खातो. मिलिसिव्हर्ट हे शरीराला मिळणारा किरणोत्सार मोजायचं एकक. सामान्य नागरिकासाठी निसर्गातल्या किरणोत्साराव्यतिरिक्त वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे, आणि निसर्गातूनच जगात वर्षाला सरासरी 2.4 मिळतो. हे दोन्ही आकडे जरूर सांग, पण तेवढ्याने विश्वास बसत नाही. प्रत्येक केंद्रापाशी भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते, आणि ती केंद्र सुरू व्हायच्या आधीपासून मासळी, दूध, भात, पाणी तपासते. त्या मोजण्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने, मराठीत, दर महिन्याला लागतील एवढं बघ. आकडा वाढला त्या महिन्यात तर नक्कीच. विसर्गाचा आकडा ऐकणारी माझी आई तेव्हा डोळ्यांसमोर आण.

आपत्कालीन सरावाचंही तसंच. केंद्राबाहेरची योजना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात असते आणि सराव दोन वर्षांतून एकदा होतो. एसटी कुठे थांबणार, अंथरुणाला खिळलेल्या आजीला कोण उचलणार, गुरांचं काय, हे बायकांना विचार. पुरुष सभेत बोलतात, घरातली बाई घरातलं जाणते.

सप्ताहाची वर्गणी, क्रिकेटचे टी-शर्ट, देवळाला रंग, हे सगळं उत्तरं दिल्यानंतर. आधी दिलंस तर लोक घेतील आणि तुझी किंमत तिथेच ठरवतील.

रविवारी सकाळी ये. मी माझ्या जुन्या वह्या काढून ठेवते, तीन आहेत. गावागावांतले प्रश्न तारीखवार लिहिलेत. ज्यांची उत्तरं पोचवली त्यांच्यापुढे बरोबरची खूण आहे. खूण नसलेले बरेच आहेत. त्यातले निम्मे तुझ्या कामात तुला पुन्हा भेटतील.

तुझी,
ताई