काट्यांच्या बुडाशी पांढरं दिसलं तर

ताई, तुमच्या निवडुंगाच्या काट्यांच्या बुडाशी कापसासारखं दिसतंय ती बुरशी नाही, पिठ्या ढेकूण ही कीड आहे. घाबरू नका, पण ती कुंडी आजच बाकीच्यांपासून लांब ठेवा. केमिस्टकडून सर्जिकल स्पिरिट आणा आणि त्यात इअरबड बुडवून एकेक ठिपका पुसा. काट्यांच्या झुपक्यात नीट फिरवा, कीड तिथेच दडते. स्पिरिट लागलं की वरचं मेण विरघळतं आणि खालचा मऊ, गुलाबीसर किडा उघडा पडतो. काही अंडी तरीही वाचतात, म्हणून महिनाभर तरी दर आठवड्याला हेच करा.

खरी मेख मुळांत असते. वरून स्वच्छ असूनही झाड वाढत नसेल, तर कुंडीतून काढून बघाच. मुळांना पांढरं चिकटलेलं दिसलं तर सगळी माती टाकून द्या, मुळं धुवा, आठवडाभर सावलीत सुकवा आणि मगच नव्या, वाळू मिसळलेल्या मातीत लावा. लगेच पाणी घालू नका, मुळं सडतात.

कडुनिंबाचं तेलही चालतं, लिटरभर पाण्यात 5 मिली आणि थोडा साबण. पण फवारणी संध्याकाळीच, उन्हात डाग पडतात. मुंग्यांचाही बंदोबस्त करा. किडीच्या गोड चिकट्यासाठी त्या तिला राखतात.