पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच : मदरबोर्ड बदलण्याआधी काय तपासावं?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं : पाच वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप. पावसाळ्यात घर तीन आठवडे बंद होतं. परत आल्यावर बटण दाबलं तर पंखे फिरतात, कॅबिनेटचे दिवे लागतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. दुकानदाराने फोनवरच ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून सांगितलं. तो, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, बदलून टाकावा का?

इतक्यात नको. बाकी सगळं तपासून झाल्यावर जे निदान उरतं ते मदरबोर्डचं, आणि ते फोनवरून कुणालाच करता येत नाही. दमट हवेत पडून राहिलेल्या मशीनमध्ये मी आधी संशय घेईन तो रॅमवर, मग बोर्डावरच्या सेलवर, मग एसएमपीएसवर (भिंतीतली वीज पार्टांना हवी तशी करून देणारा डबा).

पंखे फिरतात याचा अर्थ मशीन चालू झालं असा होत नाही. पंख्याला फक्त १२ व्होल्ट लागतात, ते मिळाले की तो फिरतो. स्क्रीनवर काही दिसायचं तर त्यापुढे बरंच घडावं लागतं. एसएमपीएस ‘व्होल्टेज ठीक आहे’ असा संकेत बोर्डाला देतो. प्रोसेसरला त्याच्या स्वतंत्र ४ किंवा ८ पिनच्या जोडणीतून वीज मिळते. बायोस हा मशीन सुरू करून देणारा प्रोग्रॅम चिपमधून वाचला जातो, रॅम ओळखली जाते, ग्राफिक्स जागं होतं, आणि मग मॉनिटरला चित्र जातं. यातली एक पायरी अडली तरी बाहेरून दिसतं ते एकच : पंखे चालू, स्क्रीन काळी. म्हणून मशीन कुठल्या पायरीवर अडलंय ते आधी शोधायचं, पार्ट नंतर बदलायचे.

सगळ्यात सोपी परीक्षा कीबोर्डवर होते. मशीन चालू करून एक मिनिट थांबा आणि कॅप्स लॉक किंवा नम लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो आहे? मग बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम जवळजवळ नक्की ठीक आहेत. दोष ग्राफिक्स कार्ड, केबल किंवा मॉनिटरकडे शोधा. मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडलंय का ते बघा आणि केबल बदलून पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डलाच लावलेली हवी. साफसफाईनंतर ती चुकून बोर्डाच्या एचडीएमआयला लागते. आय-फाइव्ह १०४००एफ सारखे ‘एफ’वाले इंटेल प्रोसेसर किंवा रायझन फाइव्ह ३६०० यांच्यात ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयला जन्मात चित्र येणार नाही.

कॅप्स लॉकचा दिवा हलत नसेल तर कॅबिनेट उघडायचं.

उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग पॉवर बटण २० ते ३० सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाते. कधीकधी एवढ्यानेच मशीन सुरू होतं. खिडकीच्या गजाला किंवा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. एरवी कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तुमच्या घरच्या अर्थिंगमध्ये दोष आहे. इलेक्ट्रिशियनकडून ते आधी करून घ्या.

आत बोर्डाच्या कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा नावांचे चार बारीक दिवे आहेत का बघा. गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ बोर्डांवर ते असतात. सुरू करताना ते एकेक करून लागतात आणि विझतात, आणि जो लागून राहतो तिथे मशीन अडलेलं असतं. दिवे नसतील तर बोर्डावरच्या स्पीकरच्या पिनांना लावायचा बारका बजर मिळतो, तो लावा. बीपचे अर्थ बायोसप्रमाणे बदलतात, म्हणून तुमच्या बोर्डाचं मॅन्युअल बघा. रॅम पूर्ण काढून सुरू केल्यावर बजर ओरडू लागला तर ती चांगली बातमी समजा : प्रोसेसर आणि बायोस जिवंत आहेत, रॅम नाही अशी तक्रार ते करू शकतायत.

आता रॅम, आणि इथे घाई करू नका. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून पट्ट्या काढा. खालची सोनेरी कड उजेडात तिरकी धरून बघा. डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या पट्टीला दोन्ही बाजू मिळून २८८ बारीक पिना असतात. चांगल्या पिना पिवळ्याधमक आणि एकसारख्या दिसतात, दमट हवेत राहिलेल्यांवर करडा किंवा तपकिरी पापुद्रा आणि ठिपके दिसतात. यांतल्या एकाच पिनेचा स्पर्श बिघडला तरी मशीन अडू शकतं. पेन्सिलचा पांढरा मऊ खोडरबर घ्या, शाईचा खरखरीत नको, कारण तो सोन्याचा मुलामा खरवडतो. हलक्या हाताने चिपकडून कडेकडे चार-पाच वेळा घासा आणि भुगा ब्रशने पूर्ण झटका. आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळालं तर त्यात भिजवलेल्या कापडाने शेवटचा हात फिरवा. स्लॉटमध्ये ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो.

बसवताना एकच पट्टी लावा. चार स्लॉटच्या बोर्डावर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट योग्य असतो. खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबा. अनेकांचा हात इथे कचरतो आणि पट्टी एका बाजूला अर्धा मिलिमीटर वर राहते. नुसत्या डोळ्यांना ती बसल्यासारखी दिसते, पण मशीन सुरू होत नाही. पहिली पट्टी चालली नाही तर दुसरी, मग दुसरा स्लॉट, असे सगळे जोड करून बघा. दर वेळी प्लग काढून.

रॅमने काम झालं नाही तर बोर्डावरचा रुपयासारखा गोल सेल, सीआर२०३२. नवा असताना तो ३ व्होल्टच्या थोडा वर असतो. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदला, घड्याळाच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो. अधिकचं चिन्ह वर ठेवून बसवा. पाच वर्षांच्या मशीनचा प्लग तीन आठवडे काढलेला असेल तर सेल उतरलेला असणं साहजिक आहे. एरवी प्लग लावलेला असताना बोर्ड स्टँडबाय विजेवर जगतो, सेलला काम पडत नाही. बहुतेक बोर्ड सेल संपला तरी चालू होतात आणि फक्त तारीख चुकवतात. पण काही बोर्ड अर्धवट बिघडलेल्या सेटिंगवर अडून बसतात. म्हणून सेल काढलाच आहे तर दहा मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बायोस मूळ सेटिंगवर येतो.

याचे दोन परिणाम आधीच माहीत असू द्या. डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर बायोस पुसल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे दुसऱ्या मोबाइल-लॅपटॉपवरून आधी बघून ठेवा. दुसरं, स्क्रीन आली पण विंडोज येत नाही असं झालं तर घाबरून फॉरमॅट मारू नका. विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेलं असेल आणि बायोस आता नव्या ‘युईएफआय’ पद्धतीवर गेला असेल, किंवा साटाचा (डिस्क जोडण्याच्या पोर्टचा) मोड बदलला असेल, तर असं होतं. सेटिंग पूर्ववत केलं की विंडोज येतं. (डीडीआर५ वाल्यांसाठी : बायोस पुसल्यावर पहिल्यांदा रॅम जुळवून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात. काळी स्क्रीन बघून लगेच बंद करू नका.)

अजूनही काही नाही? मग सगळं उतरवा. हार्डडिस्क, एसएसडी, यूएसबीच्या वस्तू, पुढच्या पॅनेलच्या वायरी सगळं काढा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्डही काढा आणि मॉनिटरची केबल बोर्डाला लावा. उरतात बोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा कूलर, एक रॅम, एसएमपीएस. प्रोसेसरजवळची ८ पिनची जोडणी काढून पुन्हा बसवा. ती सैल असली की नेमकं तुमच्यासारखंच होतं, पंखे फिरतात आणि बाकी काही नाही. मशीन सुरू करण्यासाठी पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. स्क्रीन आली तर एकेक वस्तू परत लावत जा, जिथे अडेल तिथे गुन्हेगार सापडला.

हे करताना टॉर्च मारून बोर्डही नीट बघा : डोकं फुगलेले कपॅसिटर (बोर्डावरचे छोट्या नळकांड्यांसारखे पार्ट), हिरवट बुरशीसारखा थर, मुंग्यांचं वारूळ, झुरळांची घाण. कोकणात पाल एसएमपीएसमध्ये शिरून मरते हेही होतं. मात्र एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. बाहेरून मल्टिमीटरने मोजा : पिवळी वायर ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. जांभळी वायर मशीन बंद असतानाही ५ च्या आसपास हवी. हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवून बघतात, त्यातून तो मेलेला नाही एवढंच कळतं. भार पडल्यावर तो टिकतो का, ते दुसरा एसएमपीएस लावल्याशिवाय कळत नाही. सगळ्या वायरी काळ्या असतील तर अंदाजाने क्लिप घालू नका.

इथवर येऊनही स्क्रीन काळीच राहिली तर संशय बोर्ड किंवा प्रोसेसरवर. त्यातही आधी बोर्ड, कारण चालता प्रोसेसर आपोआप मरणं फार क्वचित घडतं. प्रोसेसर घरी काढू नका. कूलर आणि प्रोसेसर यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट धरून ठेवते आणि कूलर ओढताना पिना वाकतात. दुकानात न्या आणि त्यांची रॅम, त्यांचा एसएमपीएस लावून तुमच्यासमोर तपासायला सांगा. ‘बोर्ड गेला’ म्हणाले तर कशावरून, ते विचारा. तुमचा प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर चालताना दाखवला तरच ते पटण्यासारखं. आणि नेण्याआधी हार्डडिस्क आणि एसएसडी काढून घरी ठेवा. ही तपासणी करायला त्यांची गरज लागत नाही.