प्रत्येक मुंगी म्हणजे अटॅक नव्हे

प्रश्न : माझ्या पत्नीला (वय ३१) दोन महिन्यांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. डावा डोळा अंधुक झाला होता, तो आता बराच सुधारला आहे. पण गरम पाण्याने अंघोळ केली की पुन्हा धूसर दिसते. पायाला मुंग्या आल्या तरी मी हादरतो. दर वेळी डॉक्टर गाठायचे का? तिला घरकाम करू द्यावे का?

उत्तर : अंघोळीनंतर नजर किती वेळ धूसर राहते, ते घड्याळात पाहा. अंग निवल्यावर तासाभरात पूर्ववत होत असेल, तर तो अटॅक, म्हणजे आजाराचा नवा झटका, नाही. या आजारात मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण जागोजागी गेलेले असते. शरीर अर्ध्या अंशाने तापले तरी तिथून संदेश धड पुढे सरकत नाहीत. गार झाले की सरकतात. नवी इजा होत नाही. पाणी कोमट घ्यावे, इतकेच.

लक्षण नवे किंवा जुनेच पण वाढलेले, किमान २४ तास टिकलेले, आणि अंगात ताप वा जंतुसंसर्ग नसताना आलेले, तर अटॅकची शंका घ्यावी. शेवटची अट हमखास विसरली जाते. लघवीचा संसर्ग फार फसवतो. जळजळ नसतानाही पाय अचानक जड पडतात, म्हणून स्टेरॉइड सुरू करण्याआधी लघवी तपासून घ्या. मात्र नजर झपाट्याने जाणे, पाय उचलता न येणे, लघवी अडकणे, गिळताना वा श्वास घेताना त्रास, यांत २४ तास मोजत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

खऱ्या अटॅकला सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस शिरेतून देतात. त्याने अटॅक लवकर ओसरतो, आजाराची पुढची चाल बदलत नाही. ते काम नियमित औषधाचे, आणि गफलत तिथेच होते : बरे वाटतेय म्हणून औषध सुटते. मुळात ते बरे वाटण्यासाठी नसतेच, पुढचे अटॅक टाळण्यासाठी असते. फिंगोलिमोडसारखे औषध एकदम थांबवले तर आजार उसळू शकतो. मूल हवे असेल तर आधीच न्यूरोलॉजिस्टशी बोला. काही औषधे गर्भधारणेपूर्वी बंद करावी लागतात.

तारीख, लक्षण, किती तास, ताप होता का, एवढे वहीत टिपावे. वही तिची, तुमची नव्हे. दिवसातून दहा वेळा ‘कसं वाटतंय?’ विचारले की ती सांगणेच बंद करेल. आणि ‘करू द्यावे का’ हे आम्हाला नको, तिलाच विचारा. काम वा व्यायामाने आजार वाढत नाही. थकवा मात्र खराच असतो, झोपूनही न जाणारा. बहुतेकांना तो दुपारनंतर गाठतो, तेव्हा दमवणारी कामे सकाळी उरकलेली बरी.