हास्केलमध्ये विथफाइल वापरूनही बंद हँडलची एरर का येते?

तुमच्या प्रश्नात दोन एरर आहेत. फाइल उघडून, वाचून, शेवटी हँडल (उघड्या फाइलचा प्रोग्रामकडचा दुवा) बंद करणाऱ्या हास्केल कोडला अधूनमधून «टू मेनी ओपन फाइल्स» येते. तोच कोड विथफाइलमध्ये (फाइल उघडून काम संपताच ती आपोआप बंद करणारं फंक्शन) घातला की «डिलेड रीड ऑन क्लोज्ड हँडल» येते. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिलीचं सोपं आहे. उघडणं आणि बंद करणं यांच्या मध्ये एक्सेप्शन (चालू काम मध्येच तोडणारी अडचण) आलं की बंद करायची ओळ चालतच नाही. असं सुटलेलं हँडल गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) कधीतरी बंद करतो, पण कधी याची हमी नाही. लिनक्सवर एका प्रोसेसला सहसा १०२४ डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींचे क्रमांक) मिळतात. म्हणून दहा फाइलींवर काही दिसत नाही आणि मोठ्या फोल्डरवर प्रोग्राम कोसळतो. यावर विथफाइल किंवा ब्रॅकेट (घेणं, वापरणं आणि शेवटी बंद करणं एकत्र बांधणारं फंक्शन) हाच उपाय, तो सोडू नका.

दुसरी एरर लेझीपणामुळे, म्हणजे गरज पडेपर्यंत काम न करण्यामुळे, येते. स्ट्रिंगवालं एचगेटकन्टेन्ट्स फाइल तेव्हाच वाचत नाही, तुम्ही अक्षरं मागाल तसं वाचतं. तुम्ही स्ट्रिंग विथफाइलच्या बाहेर आणता, तोवर हँडल बंद झालेलं असतं. फसवणारी गोष्ट अशी की आत «रिटर्न (लेंग्थ एस)» लिहिलं तरी तेच होतं, कारण बाहेर आकडा येत नाही, न केलेला हिशोब येतो. तिथे «इव्हॅल्युएट (लेंग्थ एस)» हवं, ते हिशोब तिथेच करून घेतं. नुसतं «इव्हॅल्युएट एस» पुरत नाही, ते पहिल्या अक्षरापाशी थांबतं. मी तर सरळ टेक्स्ट लायब्ररीतलं स्ट्रिक्ट (सगळं लगेच वाचणारं) एचगेटकन्टेन्ट्स वापरायला सांगेन. स्ट्रिंगच हवी असेल तर हास्केलच्या मूळ लायब्ररीत, बेस ४.१५ पासून, नावाला प्राइम (') लावलेलं स्ट्रिक्ट रूप आहे.

स्वतः ब्रॅकेट लिहाल तेव्हा त्याच्या पहिल्या, उघडणाऱ्या भागात एकच रिसोर्स (फाइल, सॉकेट असं नंतर बंद करावं लागणारं काही) घ्या. तो भाग मास्कखाली (बाहेरून येणारी एक्सेप्शन थोपवून) चालतो, म्हणून टाइमआउट किंवा कंट्रोल-सी सहसा मध्ये घुसत नाही (ब्लॉक होणारी क्रिया असेल तर तिथेही घुसू शकतं). पण तिथेच सॉकेट (नेटवर्क जोडणी) आणि फाइल दोन्ही उघडलीत आणि फाइल सापडली नाही, तर सॉकेट तसंच उघडं राहतं: पहिला भाग पूर्ण झाल्याशिवाय बंद करणारा भाग बोलावलाच जात नाही. दोन रिसोर्स म्हणजे एकात एक दोन ब्रॅकेट. किती लागतील हे चालू असतानाच कळणार असेल तर रिसोर्सटी ही लायब्ररी घ्या.

बंद करणारा भाग लहान ठेवा. त्यातच एक्सेप्शन आलं तर मूळ एक्सेप्शन हरवतं आणि लॉगमध्ये भलतंच कारण दिसतं. तोही साध्या मास्कखालीच असतो, त्यामुळे तिथे एमव्हार (थ्रेडमध्ये वाटून घेतलेली, कुलुपासारखी वापरता येणारी पेटी) घेताना थ्रेड अडला तर बाहेरून आलेलं एक्सेप्शन सफाई अर्ध्यावर तोडू शकतं. अनलिफ्टआयओ लायब्ररीचं ब्रॅकेट सफाई तोडू देत नाही, मात्र ती नेटवर्कवर अडकली तर कंट्रोल-सीसुद्धा चालणार नाही.

आणि सर्व्हरवर चालवणार असाल तर सिगटर्म (प्रोसेसला थांबायला सांगणारा सिग्नल) विसरू नका. हास्केलचा कंपायलर जीएचसी कंट्रोल-सीचं एक्सेप्शन करून मुख्य थ्रेडला देतं, सिगटर्मचं मात्र करत नाही. प्रोसेस तिथेच संपते आणि एकही ब्रॅकेट उलगडत नाही. कंटेनर थांबवणारी डॉकर स्टॉप ही कमांड आधी सिगटर्मच पाठवते, म्हणून युनिक्स पॅकेजमधलं इन्स्टॉलहँडलर वापरून त्यातून मुख्य थ्रेडला थ्रोटू करा, म्हणजे एक्सेप्शन पाठवा.